आमच्या ओट्यावर नासवलेलं दूध

दूध नासवायला मला चाळीस वर्षं लागली. मी काही सुगरण नाही, पण अगदी अडाणीही नाही. उकळलेल्या दुधात भांडंभर लबन ओतायला कसली डोंबलाची अक्कल लागते? लबन म्हणजे इथलं दाट ताक, खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, बाटलीत मिळतं. पण हात धजावत नव्हता. पनीर मी कायम पाकिटातलं आणते. ऑगस्टात गाडीतून वर आणेपर्यंत दूध खराब झालं आणि गॅसवर फुटलं, तर मी ते पातेलं सिंकमध्ये उपडं करते, नळ जोरात सोडते आणि घरात कुणाला सांगत नाही. नवरा हसतो. म्हणतो, लिंबू पिळून पनीर तरी करायचंस. त्याला काय सांगायचं, हसू दे.

गेल्या महिन्यात एका सोमवारी ऑफिसला निघता निघता कोलकात्याहून मेसेज आला. इंग्रजीत, तीन ओळींचा. माझी मावशी काल रात्री गेली, तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर होता म्हणून कळवतोय, असा. पाठवणारा काकीमांचा भाचा होता. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. मी पायात एक चप्पल घालून दारातच उभी राहिले. मागे हॉलमध्ये आई चहा पीत टीव्ही बघत बसली होती. ती म्हणाली, काय गं, काही विसरलीस का? मी म्हटलं, नाही, गाडीची किल्ली शोधतेय. किल्ली हातातच होती.

आईला सांगितलं नाही. तिच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, बाबा गेल्यापासून ती इथे आखातात, ऊद मेथाला माझ्याकडे असते आणि कुणाच्याही मरणाची बातमी आली की तिचं बीपी चढतं. हे खरं कारण. आणि दुसरंही एक खरं कारण होतं. काकीमांचं नाव काढलं की आईचा चेहरा दगड व्हायचा, आणि तो दगड झालेला चेहरा मला बघवत नसे. त्यात मी माझाच गुन्हा बघत होते.

काकीमा आमच्या शेजारी. अबुधाबीला आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो, समोरासमोर दोन दारं. बाबा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत सुपरवायझर, तिकडचे काका शिपिंगमध्ये. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि मला भावंडं नव्हती, त्यामुळे माझ्या चपला बहुतेक वेळ समोरच्या दाराशीच असायच्या. आई त्यांना दीदी म्हणायची. दोघींची भाषा हिंदी, तीही अशी की दोघींनाच कळावी. आईचं हिंदी साताऱ्याचं, त्यांचं बंगालचं. तासन्‌तास बोलायच्या आणि काही अडायचं नाही.

तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. दुपारी जेवून सगळे पुरुष आडवे झाले की काकीमा काँचागोल्ला करायला घ्यायच्या. नाव ऐकून लोकांना काहीतरी काचेचं वाटतं. तसं काही नाही. ताज्या छान्याचा मऊ, ओलसर गोळा असतो, पेढ्याएवढा, पण पेढ्याचा घट्टपणा त्यात नसतो. जिभेवर ठेवला की दाताचं काम उरत नाही. छाना म्हणजे नासवलेल्या दुधाचा चोथा, असं मी आईला एकदा सांगितलं तर तिने कानांवर हात ठेवले होते.

दूध वर आलं की काकीमा गॅस बंद करायच्या आणि मला वीस आकडे म्हणायला लावायच्या. मग लबन बारीक धारेने. ढवळायचं नाही, पळी फक्त एकदा फिरवायची. हिरवट पाणी सुटलं की फडक्यात ओतायचं आणि गार पाण्याने धुवायचं, म्हणजे आंबूसपणा जातो. मग परातीत घेऊन तळहाताच्या टाचेने मळायचं, हाताला तूप लागेपर्यंत. साखर घालून अगदी मंद गॅसवर थोडं हलवायचं आणि गरम असतानाच वळायचं. थंडीच्या दिवसांत साखरेऐवजी त्या दिब्स घालायच्या, इथला खजुराचा पाक. मग तोंड वाकडं करून म्हणायच्या की ही काही खरी चव नव्हे. त्यांच्याकडे खजुराच्या झाडाला मडकं बांधून रस काढतात, त्याचा गूळ करतात. कॉर्निशवर, समुद्राकाठी फिरायला गेलो की त्या रस्त्याकडेच्या खजुरांकडे बघत चालायच्या. एवढी झाडं, आणि एकाच्याही गळ्यात मडकं नाही, म्हणायच्या. मला ते फार विनोदी वाटायचं.

हे सगळं त्यांच्याच ओट्यावर. आमच्या घरात दूध उतू गेलेलं चालायचं, उलट ते चांगलं. पण मुद्दाम दूध नासवायचं म्हणजे घरावर काहीतरी ओढवून घ्यायचं, असं आईला तिच्या आईने सांगितलेलं आणि आईने ते जिवाला बांधून ठेवलेलं. काकीमांना हे माहीत होतं. त्या नासवणं हा शब्दसुद्धा आईसमोर काढत नसत. तयार गोळे बशीत झाकून आणायच्या आणि आई ते मिटक्या मारत खायची. कसे झाले ते डोळ्याआड असलं की तिचं काही म्हणणं नसे.

मी नऊ वर्षांची असताना आईला दिवस गेले. त्याआधी दोनदा काहीतरी होऊन गेलं होतं, ते मला पुढे कळलं. या वेळी सहावा महिना लागला आणि घरात सगळ्यांचा जीव जरा भांड्यात पडला. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं, समोरच्या घरी जायचीसुद्धा बंदी. बाबा तेव्हा घरात शीळ घालत फिरायचे. त्यांना शीळ येते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

एका शुक्रवारी बाबा कुणाकडे तरी गेले होते आणि काकीमा स्वतःचं पातेलं नि फडकं घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या. त्यांचा गॅस संपलाय, असं आईने मला सांगितलं. आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती, पाठीला उशी. मला तर उधाण आलं होतं. आमच्या घरात, आमच्या ओट्यावर! काकीमांनी लबनचं भांडं माझ्या हातात दिलं आणि आज तू ओत, म्हणाल्या. मी स्टुलावर चढून ओतलं. माझ्या डोळ्यांसमोर दूध फाटत गेलं आणि मला फार मोठी झाल्यासारखं वाटलं. बाबा आल्यावर मीच त्यांना ऐटीत सांगितलं की आज आपल्याकडे दूध नासवलं. त्यांची शीळ मध्येच थांबली.

मंगळवारी शाळेतून आले तर आई घरात नव्हती. ती शुक्रवारी परत आली आणि पोट सपाट होतं. मला कुणी काही सांगितलं नाही. मुलांना तेव्हा कोण काय सांगायचं? रात्री भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, घरात दूध नासवायची बुद्धी कुणाला झाली? आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी काकीमा डबा घेऊन आल्या. बेल वाजली तशी मी दाराकडे धावले, तर आई पलंगावरूनच म्हणाली, उघडू नकोस. मी स्टूल लावून दाराच्या भिंगातून बघितलं. काकीमांनी तीनदा बेल वाजवली. मग डबा उंबऱ्याशी ठेवला आणि मागे वळल्या. त्यांचं स्वतःचं दार चार पावलांवर होतं, पण तिथे पोचायला त्यांना फार वेळ लागला.

मी नऊ वर्षांची होते, पण हिशेब मला नीट कळला. काकीमांनी पातेलं आणलं, फडकं आणलं. पण ओतलं मी. आईच्या ते लक्षात आलेलं नाही, किंवा आलंय आणि ती बोलत नाहीये. ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी ती माझ्याही तोंडावर दार लावेल. मी तोंडातून ब्र काढला नाही. त्यानंतर मी इतकी शहाणी मुलगी झाले की नातेवाईक कौतुक करायचे. मला पुढे विज्ञान कळलं, मला स्वतःला मुलगी झाली, असल्या गोष्टी ताकाने होत नसतात हे मी दुसऱ्या बायकांना ठणकावून सांगितलंय. पण आई दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिली की अजूनही मी उठून काहीतरी कामाला लागते. आईला एकदा विचारायचं होतं, एवढंच. तू मला जबाबदार धरतेस का? एवढं एक वाक्य. चाळीस वर्षांत जमलं नाही.

काही महिन्यांनी काकांची बदली खोर फक्कानच्या बंदरावर झाली आणि काकीमा गेल्या. आईने खिडकीतूनही बघितलं नाही. पण दर दसऱ्याला त्यांचा फोन यायचा. त्यांच्यात पूजा संपली की मोठ्यांना, शेजाऱ्यांना भेटून गोड बोलायची रीत आहे. आई फोन घ्यायची, हां दीदी, ठीक है दीदी, आपको भी, आणि रिसीव्हर बाबांकडे. काका रिटायर झाले, व्हिसा संपला, ते दोघं कोलकात्याला गेले, काका वारले, तरी फोन चुकला नाही. पुढे तो माझ्या मोबाइलवर यायला लागला. चार वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं, तुझी आई अजून रागावलीय का माझ्यावर? मी म्हटलं, छे, काहीतरीच काय काकीमा. त्या म्हणाल्या, तिच्या घरात मी ते करायला नको होतं. मला माहीत होतं तुमच्यात चालत नाही. तेव्हा मी सांगायला हवं होतं की ओतलं मी होतं, काकीमा, तुम्ही नाही. मी म्हटलं, आवाज कट होतोय, नंतर करते. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

मेसेज आल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी दूध आणलं. का, ते नीट सांगता येणार नाही. कुणी गेलं की तेरा दिवस आपण काहीबाही करतो, मला काकीमांसाठी काय करायचं ते माहीतच नव्हतं. नवरा कामाला अबुधाबीला गेला होता, आई दुपारची झोपली होती. मी एक्झॉस्ट लावला, स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, स्वतःच्याच घरात चोरासारखी. दूध वर आलं, गॅस बंद केला, वीस म्हटले. लबन ओतलं. धार काही बारीक पडली नाही. दूध फाटलं. बस, एवढंच झालं.

पुढे मी चुकलेच. फडक्यात बांधलं, धुतलं, आणि हात आपोआप ते नळाला टांगायला लागले. आपल्याला चक्क्याची सवय. श्रीखंडाला टांगतो तसं टांगून वर मी ते पिळत सुटले. मुलगी डोकावली, ममा, व्हॉट्स दॅट स्मेल, म्हणाली आणि उत्तराला न थांबता गेली. मी पिळतच होते. दार पुन्हा वाजलं तेव्हा वाटलं तीच असेल.

आई होती. भिंतीला धरून उभी. तिने आधी पातेल्यातलं हिरवट पाणी बघितलं, मग नळाचं फडकं. मी पन्नाशीला आलेली बाई, पातेल्यावर ठेवायला झाकण शोधायला लागले. आता ती बोलणार. आता ते वाक्य येणार.

"एवढं पिळू नकोस," आई म्हणाली. "दीदी एवढं पिळत नसत. कोरडं होतं."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. मी फडकं सोडवून छाना परातीत काढला. तो खरंच कोरडा झाला होता, भुगा पडत होता. काहीतरी करायचं म्हणून मी मळायला लागले. ती माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, तुला काय वाटतं, त्या दिवशी त्यांचा गॅस संपला होता?

मी म्हटलं, तूच तसं सांगितलं होतंस.

"डोहाळे लागले होते मला," ती म्हणाली. "काँचागोल्ला होताना बघायचा होता. वास घ्यायचा होता. पलंगावर पडून दुसरं काही सुचत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, दीदी, इथेच करा. त्या नाही म्हणत होत्या. तुमच्यात चालत नाही, म्हणाल्या. दोनदा नाही म्हणाल्या. मी हट्ट धरला."

मग बाबांनी विचारलं तेव्हा? मी विचारलं. तेव्हा तिने सांगितलं होतं की त्यांचा गॅस संपला होता, शेजारधर्म, नाही कसं म्हणणार? एवढंच सांगितलं होतं. बाकीचं बाबांनी आपापलं जोडलं, सातारला आजीला कळवलं, आणि मग ते बदलायला उशीर झाला. पोर गेलं होतं, त्यात आपल्या जिभेच्या चोचल्यांपायी गेलं असं कोणत्या तोंडाने सांगायचं, ती म्हणाली. आणि दार उघडलं की त्यांच्याकडे बघावं लागणार. म्हणून उघडलं नाही.

"आणि मी?" मी म्हटलं.

"तू काय?"

"लबन मी ओतलं होतं, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. आठवायचा खरोखर प्रयत्न करत होती, ते दिसत होतं. "तू होतीस तिथे?" तिने विचारलं. "तू शाळेत नव्हतीस?"

शुक्रवारी कसली शाळा. मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं, सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला संताप आला. चाळीस वर्षं मी जिच्या चेहऱ्यावर माझा गुन्हा वाचत होते, तिला मी त्या खोलीत होते हेसुद्धा आठवत नव्हतं. मी परातीत तळहात इतका दाबून फिरवला की मनगट दुखायला लागलं. तिच्यावर ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय सांगणार होते? की तू मला जबाबदार का धरलं नाहीस?

आई हळूच म्हणाली, फोन लाव त्यांना. दसऱ्याची वाट कशाला बघायची, आज बोलून टाकते. तू समोर आहेस तर जमेल.

माझे हात छान्याने बरबटलेले होते. ते मी नळाखाली धुतले, नीट पुसले, सगळं अगदी सावकाश केलं. मग तिच्यासमोर बसून सांगितलं. काकीमा गेल्या, आई. बारा दिवस झाले.

ती रडली नाही. तुला कधी कळलं, एवढंच तिने विचारलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी म्हटलं. तिने मान हलवली. का सांगितलं नाहीस, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. जवळ कोण होतं, म्हणाली. मी म्हटलं, भाचा.

"त्याला लाव."

मी परोपरीने सांगितलं, त्याला यातलं काही माहीत नाही, त्याच्या जन्माच्याही आधीची गोष्ट असेल, तो बिचारा कुठे कामात असेल. पण हट्ट धरायचा तर आईनेच. तिने हात पुढे करून ठेवला. मी नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन तिच्या हातात दिला.

तो रस्त्यावर कुठेतरी होता, हॉर्न ऐकू येत होते. आईने आपण कोण ते सांगितलं, अबुधाबीवाली, सामनेवाली. तो अदबीने हां आंटी, हां आंटी म्हणत होता. मग तिने त्या साताऱ्याच्या हिंदीत सांगायला सुरुवात केली. दूध का मैंने बोला था. दीदी ने ना बोला था. दो बार ना बोला था. मैंने घर में सबको झूठ बोला. तिकडे नुसते हॉर्न. त्याला काय कळणार होतं? बहुधा त्याला वाटलं, म्हातारी बाई आहे, दुःखाने काहीतरी बोलतेय. कुणीही म्हणेल तेच तो म्हणाला.

"कोई बात नहीं आंटी. आप रोइए मत."

आणि बस आली म्हणत त्याने फोन ठेवला. आई रडत नव्हतीच. ती फोनकडे बघत बसली. पडदा काळा झाला. मी तिच्या हातातून फोन घ्यायला गेले, तर तिने सोडला नाही.

"दो बार ना बोला था," ती पुन्हा म्हणाली, आणि मग मराठीत, अगदी हळू, "दोनदा नाही म्हणाल्या होत्या तुम्ही."